मांजर बाहेर काढण्याची वहिवाट

वेलिंग्टन शहराच्या पश्चिम अंगास, डोंगरांच्या बेचक्यात, करोरी नावाचे उपनगर वसलेले आहे. तेथील जुन्या दफनभूमीत हॅरी मॅकनिश नावाच्या एका जहाजी सुताराची कबर असून तिच्यावर ओतीव काशाचे एक मांजर विसावलेले आहे. त्याच करोरीत एका दरीला वळसा घालून ८.६ किलोमीटर लांबीचे एक कुंपण उभे आहे. १९९९ साली पुरे झालेल्या या कुंपणाच्या आत सव्वादोनशे हेक्टर वनभूमी राखून ठेवलेली आहे, आणि ज्या प्राण्यांना तेथे पाऊल टाकू द्यावयाचे नाही त्यांच्या यादीत मांजराचे स्थान वरचे आहे. मांजराचे स्मारक आणि मांजराला हद्दपार करणारी तटबंदी, ही दोन्ही एकाच गावच्या शिवेत असावीत, आणि गावकऱ्यांना त्यात काही विसंगत वाटू नये, याचे मला इकडे आल्यानंतर पहिली काही वर्षे मोठे नवल वाटे. त्या नवलाचा माग घेता घेता या देशाच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासातून मला एक वाट चालून जावी लागली. ती वाट जितकी मांजरांची, तितकीच, किंबहुना अधिक, माणसांची आहे.

आमच्या घरी एक पट्टेरी मांजर आहे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिचे नाव मनी. मादी असेल तर मनी आणि नर असेल तर मन्या, यापलीकडे नावे शोधण्याचे कष्ट आमच्या आजोळी कोणी घेतले नाहीत. दिवेलागणीस मी मनीला घरात घेतो आणि दारेखिडक्या लावून टाकतो, हे आईला दूरध्वनीवर कळले तेव्हा ती म्हणाली, “अरे, मांजराला कोंडतात का कधी? रात्रीचं जनावर ते. शाप लागेल तुला.” आईचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही, कारण आमच्या वाड्यात मांजर ही पाळण्याची वस्तूच नव्हती. ती माळ्यावर विई, चुलीच्या उबेला निजे, दुधाच्या वाटीपुरती आपली असे आणि रात्र झाली की कौलांवरून स्वतःच्या मुलखात निघून जाई. पण हेच आईचे वाक्य शंभर वर्षांपूर्वी वेलिंग्टनमधील कोणत्याही गृहिणीने उच्चारले असते. निजण्यापूर्वी विस्तव झाकावा, दार लावावे आणि मांजर बाहेर काढावे, हा इंग्रजी घरांतील रात्रीच्या कामांचा ठरलेला क्रम होता, आणि तो वसाहतवाल्यांनी आपल्या घड्याळांबरोबर आणि किटल्यांबरोबर इकडे आणला. ती वहिवाट कशी आली, तिने काय केले आणि ती कशी पालटली, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पट्टेरी मांजरास इंग्रजीत ‘टॅबी’ म्हणतात, आणि या शब्दाची वंशावळ बगदादेपर्यंत जाते. त्या नगरातील अत्ताबिया मोहल्ल्यात विणल्या जाणाऱ्या, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या रेशमी वस्त्रास ‘अत्ताबी’ म्हणत. आपल्या जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या ताफत्याचे ते भावंड. त्या कापडावरून युरोपात मांजराच्या अंगावरील लहरींना हे नाव मिळाले. कपाळावर रेखलेले रोमन ‘एम’सारखे चिन्ह, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून कानाकडे जाणाऱ्या काजळरेषा, आणि बारकाईने पाहिले तर प्रत्येक केसावर आलटून पालटून येणारे पिवळे व काळे वलय, हा पट्टेरी मांजराचा पेहराव. बरगड्यांवर बारीक उभ्या रेषांचा जो प्रकार, तो मांजराच्या आफ्रिकेतील व पश्चिम आशियातील रानटी पूर्वजाचा, म्हणजे मूळचा. आणि कुशीवर भोवऱ्यासारखे जाड वेटोळे असलेला जो दुसरा प्रकार, तो पुष्कळ उत्तरकालीन. नील टॉड या अमेरिकी संशोधकाने १९७७ साली असे प्रतिपादन केले की हा वेटोळ्यांचा प्रकार ब्रिटनमध्ये शतकागणिक वाढत गेला आणि जेथे जेथे इंग्रजांनी वसाहती केल्या तेथील मांजरांत त्याचे प्रमाण वसाहतीच्या काळाशी जुळते. म्हणजे इंग्रजांचे गलबत कोणत्या काळात कोणत्या बंदराला लागले याचा दाखला मांजरांच्या कातडीवर राहून गेला आहे. दप्तरे जळतात, वाळवी लागते. हे दप्तर मात्र दर पिढीला नव्याने लिहिले जाते. मनीच्या कुशीवर असेच एक वेटोळे आहे. उन्हात ती आळस देते तेव्हा ते उकलते आणि पुन्हा मिटते.

मांजर न्यूझीलंडला आले ते गलबतावरून, आणि आले ते नोकर म्हणून. शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला पलित उंदराची आणि लोमश मांजराची कथा सांगितली आहे. संकटकाळी शत्रूंनीही परस्परांशी करार करावा आणि संकट टळताच आपापले अंतर राखावे, हे तिचे सार. खलाशी आणि मांजर यांचा करार याच जातीचा होता. शिधा आणि दोरखंड उंदरांपासून राखावयाचे, त्याबद्दल मांजराला निवारा आणि उरलेसुरले अन्न. कॅप्टन कुकच्या जहाजांवर अशी मांजरे होती. १७६९ साली ‘एंडेव्हर’ या किनाऱ्यांना लागले. कुकच्या दुसऱ्या सफरीत ‘रिझोल्यूशन’ हे जहाज १७७३ च्या मार्च महिन्यात दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकास, डस्की साउंड या खोल खाडीत शिरले आणि मे महिन्यापर्यंत तेथे राहिले. जहाजावर योहान राइनहोल्ड फॉर्स्टर आणि त्याचा मुलगा गेओर्ग हे दोघे निसर्गाभ्यासक होते. किनारा इतका जवळ होता की काठावरील झाडांच्या फांद्या जहाजाला टेकत. जहाजावरील एक मांजर रोज सकाळी उतरून रानात जाई आणि तेथील लहान पाखरांची मनसोक्त शिकार करी, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. पाखरे उडून जात नसत, कारण असले जनावर त्यांनी कधी पाहिलेलेच नव्हते.

मला या देशाच्या इतिहासातील हे दृश्य फार मोठे वाटते. राजाच्या नावाने निशाण रोवल्याची वर्णने पुस्तकांतून पानेच्या पाने येतात. पण एका पावसाळी पहाटे, ओल्या शेवाळावर पंजे टाकीत, एक मांजर त्या रानात शिरले आणि समोरचे पाखरू मान तिरकी करून त्याच्याकडे पाहत राहिले, त्या क्षणी या भूमीचा जो कायापालट सुरू झाला त्याला कोणत्याही सनदेची वा शिक्कामोर्तबाची गरज पडली नाही. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी गोंडवन महाखंडापासून सुटली, आणि येथे जमिनीवर वावरणारा सस्तन प्राणी वटवाघळांवाचून दुसरा उरला नाही. येथल्या पाखरांचे शत्रू आकाशात होते, गरुड आणि ससाणे. त्यांच्यापासून बचावण्याचा मार्ग म्हणजे निश्चल होऊन जमिनीच्या रंगात मिसळून जाणे. वरून पाहणाऱ्या डोळ्याला हे फसवी. जमिनीवरून वास घेत येणाऱ्या नाकापुढे मात्र ते निरुपयोगी ठरले. माओरींनी आपल्या होड्यांतून कुरी हा कुत्रा आणि किओरे हा उंदीर आणला होता आणि त्यांनी पुष्कळ हानी केली होती. पण झाडावर चढणारा, रात्री पाहू शकणारा आणि पोट भरलेले असतानाही झडप घालणारा शिकारी हा नवाच होता. माओरी भाषेने त्याला ‘ङेरू’ असे नाव दिले, आणि इंग्रज बाया ‘पुस’ ‘पुस’ करून हाक मारीत ती ऐकून ‘पोती’ असे दुसरेही.

१८४० नंतर वसाहतीची जहाजे येऊ लागली तसे मांजर घरोघर झाले. लाकडी घरे, पिठाची पोती, उंदरांचा सुळसुळाट. मांजरावाचून संसार मांडणे शक्यच नव्हते. आणि रात्री ते बाहेर काढले जाई याचे कारणही साधे होते. घरात त्याच्या देहधर्माची सोय नव्हती. एडवर्ड लो या अमेरिकी गृहस्थाने भाजलेल्या मातीचे खडे मांजराच्या तसराळ्यासाठी विकावयास १९४७ साली प्रारंभ केला. तोपर्यंत राख, वाळू नाही तर अंगण, हेच पर्याय होते. शिवाय उंदीर पकडणे हे त्याचे काम, आणि ते काम रात्रीचे. त्याला पोटभर घातले तर ते आळसावेल ही समजूत इंग्रजांचीही होती आणि आपल्याही आज्यांची. नको असलेली पिले गोणीत घालून ओढ्यापलीकडे सोडण्याची रीत तर दोन्हीकडे सारखीच. आमच्याकडे ती पिले फार तर पलीकडच्या आळीत जात. येथे ओढ्यापलीकडे रान होते.

पुढे सरकारनेच मांजराला रानात धाडले म्हणावे, अशी वेळ आली. शिकारीच्या हौसेने आणलेल्या सशांनी दक्षिण बेटावरील कुरणे खाऊन फस्त केली, मेंढपाळांचे दिवाळे निघाले, १८७६ साली सशांच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, आणि पुढील दशकात सशांचे ‘नैसर्गिक शत्रू’ म्हणून फेरेट, स्टोट आणि वीझल हे प्राणी मुद्दाम आणून सोडण्यात आले. त्यांच्या जोडीला जमीनदारांनी शहरांतून मांजरे गोळा करून माळांवर नेऊन सोडली. ससे संपले नाहीत. मांजरे मात्र डोंगराळ प्रदेशात पसरली, आणि दोनतीन पिढ्यांत माणसाची ओळख विसरून गेली.

आता टाकापोरेवाची कथा सांगितली पाहिजे. कुकच्या सामुद्रधुनीत, दक्षिण बेटाच्या उत्तर टोकापाशी हे सुमारे दीडशे हेक्टरांचे खडकाळ बेट आहे. इंग्रजी नकाशात त्याचे नाव स्टीफन्स आयलंड. १८९४ च्या जानेवारीत तेथील दीपगृह उजळले. दीपरक्षकांची कुटुंबे आली, गुरे आली, आणि मांजरही आले. डेव्हिड लायल हा दुय्यम दीपरक्षक पक्ष्यांत रस घेणारा होता. मांजराने आणून टाकलेल्या पाखरांत त्याला एक अनोळखी पाखरू दिसले. चिमणीएवढे, पिंगट, आखूड शेपटीचे आणि दुबळ्या पंखांचे. जिवंत स्थितीत ते त्याला दोनदाच दिसले; खडकांच्या फटींतून ते उंदरासारखे धावत होते आणि उडत मुळीच नव्हते, असे त्याने सांगितले आहे. त्याने कातड्या सोलून जपून ठेवल्या. सरकारी आगबोट ‘हिनेमोआ’वरील एका इंजिनियराच्या हाती त्यांतील एक वॉल्टर बुलर या नामांकित पक्षिविशारदाकडे गेली आणि त्याने तिचे वर्णन लंडनला धाडले. इकडे हेन्री ट्रॅव्हर्स या व्यापाऱ्याने इतर कातड्या लायलकडून मिळवून त्यांतील बहुतेक धनाढ्य संग्राहक वॉल्टर रॉथशील्डला विकल्या, आणि रॉथशील्डचे वर्णन आधी प्रसिद्ध झाल्यामुळे पाखराचे शास्त्रीय नाव त्याच्याच मर्जीने ‘ट्रॅव्हर्सिया लायली’ असे ठरले. दोन विद्वान नावाच्या मानासाठी भांडत असताना पाखरू संपत आले होते.

लोकांनी या कथेला एक सुटसुटीत रूप दिले. दीपरक्षकाच्या ‘टिबल्स’ नावाच्या एकाच मांजरीने एक अख्खी जाती शोधून काढली आणि तिनेच ती संपवली, असे ते रूप. गॅलब्रेथ आणि ब्राउन या अभ्यासकांनी २००४ साली जुनी पत्रे आणि दीपगृहाचे कागद तपासून दाखवून दिले की एकच मांजर नव्हते. बेटावर मांजरांची वीण झाली होती. १८९५ सालीच मुख्य दीपरक्षक, रानटी झालेली मांजरे मारण्यासाठी छर्ऱ्यांची मागणी करीत होता, आणि चारएक वर्षांनी त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्याने शंभरावर मांजरे गोळ्या घालून मारली. शेवटचे मांजर १९२५ साली संपले. तोवर ते पाखरू जगातून नाहीसे झाले होते. मुख्य भूमीवर त्याची हाडे गुहांतून सापडतात. तेथून त्याला किओरे उंदराने आधीच घालवले होते, आणि हे बेट त्याचा शेवटचा आसरा होता. मला या दुरुस्तीचे मोल फार वाटते. एका टिबल्सला गुन्हेगार ठरवून फिर्याद निकालात काढता येते. पण बेटावर गाभण मांजर कोणी आणले, तिची पिले कोणी मोकाट सोडली आणि रात्री दार कोणी लावून घेतले, हे प्रश्न दुरुस्त कथेतच उभे राहतात. मांजर मारणाऱ्याने सोन्याचे मांजर करून काशीला दान करावे, असे ऐकत वाढलेल्या माणसाला त्या शंभर गोळ्यांचा आवाजही सहन होत नाही. दोन्ही हत्यांचे खाते एकाच नावावर निघते, आणि ते नाव मांजराचे नाही.

विसाव्या शतकात हाच प्रसंग इतर बेटांवर घडत राहिला. हाउतुरू बेटावरून मांजरे घालवण्याची मोहीम १९८० साली पुरी झाली. स्ट्यूअर्ट बेटावर १९७७ साली काकापो या उडता न येणाऱ्या, निशाचर, भल्यामोठ्या पोपटांची वस्ती सापडली, तेव्हा सर्वांना आनंद झाला. पाठोपाठ कळले की रानमांजरे त्यांचा फडशा पाडीत आहेत. १९८२ पासून ते पोपट उचलून मांजरमुक्त बेटांवर नेण्यात आले, आणि त्यांत हाउतुरू होते. काकापो आज जिवंत आहे तो या स्थलांतरामुळे.

या हकीकतींमध्ये मॅकनिशच्या मांजराचे काय? तो अंटार्क्टिक मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावर सुतार होता. जहाजावर सुताराला ‘चिप्पी’ म्हणत आणि हे पट्टेरी मांजर सदैव त्याच्या मागे असे, म्हणून त्याचे नाव ‘मिसेस चिप्पी’ पडले. तो बोका आहे हे ध्यानात येईतो नाव रुळून गेले होते. एका रात्री तो केबिनच्या गवाक्षातून समुद्रात पडला, तर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने त्याचा आक्रोश ऐकून जहाज वळवले आणि दहाएक मिनिटांनी त्याला पाण्यातून काढले. एका मांजरासाठी भर समुद्रात जहाज वळवणारी तीच माणसे. पण बर्फाने जहाज चिरडले तेव्हा, १९१५ च्या ऑक्टोबरच्या २९ तारखेस, शॅकल्टनच्या हुकमाने कोवळी कुत्री आणि मिसेस चिप्पी यांना गोळी घालण्यात आली. मॅकनिशने हे कधी माफ केले नाही. ज्या नावेतून सहा जणांनी सुमारे तेराशे किलोमीटरांचा सागर ओलांडून सर्वांचे प्राण वाचवले, तिच्या कडा त्यानेच उंचावल्या होत्या. तरीही ध्रुवीय पदक त्याला नाकारले गेले. म्हातारपणी तो वेलिंग्टनच्या गोदीवर राहिला आणि १९३० साली निष्कांचन स्थितीत वारला. १९५९ साली न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक सोसायटीने त्याच्या कबरीवर शिळा बसवली आणि २००४ साली तिच्यावर ते काशाचे मांजर ठेवले. पदक देणाऱ्यांनी दिले नाही ते, नव्वद वर्षांनी, त्याच्या मांजराने पुरे केले, असे मला तेथे उभे राहिले की वाटते.

२०२० च्या पाहणीप्रमाणे या देशात सुमारे १२ लाख पाळीव मांजरे होती आणि शंभरांतील एक्केचाळीस घरांत मांजर होते. एवढ्या प्रेमाच्या वस्तूबद्दल नियम करणे सोपे नव्हते. १९९९ च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा ठरवला. २०१५ च्या दुरुस्तीने जनावरांना सुखदुःखाची जाणीव असते हे कायद्याच्या शब्दांत आणले. २०१० साली रुआपेहू पर्वताच्या दक्षिण उतारावरील रानात, आठवड्याभरात शंभरावर वटवाघळे एकट्या मांजराने मारल्याचे उघडकीस आले, आणि वटवाघूळ हा तर येथला मूळचा एकमेव भूचर सस्तन प्राणी. २०१३ साली गॅरेथ मॉर्गन या अर्थतज्ज्ञाने मांजरे नकोतच अशी मोहीम उघडली, तेव्हा लोक इतके संतापले की घराघरांत वाद झाले. वेलिंग्टनच्या नगरपालिकेने पाळीव मांजराच्या कातडीखाली ओळखचिप बसवणे सक्तीचे केले. ओमाउई या दक्षिणेकडील लहानशा गावात नवी मांजरे पाळूच नयेत असा प्रस्ताव २०१८ साली आला आणि जगभर गाजला. २०२५ च्या अखेरीस सरकारने, २०५० पर्यंत हिंस्र उपऱ्या प्राण्यांपासून देश मुक्त करण्याच्या योजनेत रानमांजरांचाही समावेश जाहीर केला. घरची मांजरे त्यात नाहीत. घरचे आणि रानचे यांमध्ये रेघ कोठे मारावयाची, हाच सारा प्रश्न, आणि ती रेघ रात्री मारली जाते, दाराच्या उंबऱ्यावर. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, हा आपल्याकडे उंदरांच्या सभेतला प्रश्न. येथे ती खरोखरच बांधतात, आणि तिचा नाद ऐकून काही पाखरे वाचतात, काही वाचत नाहीत.

मनीचे निर्बीजीकरण सहाव्या महिन्यातच करून घेतले, तिच्या खांद्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे, आणि तिच्यासाठी मागच्या ओसरीला जाळी मारून घेतली आहे. त्या ओसरीत राखेसारख्या खड्यांचे तसराळे, एक लाकडी ओंडका आणि उंचावर एक फळी, जिच्यावरून दरी दिसते. हे सारे मी शहाणपणाने आधीच केले असे नाही. पहिल्या वर्षी, आईचे ऐकून, मी तिला मोकळी सोडीत होतो. एका पहाटे स्वयंपाकघराच्या फरशीवर तिने एक पाखरू आणून ठेवले. हिरवट पाठ, आणि डोळ्याभोवती पांढरे कडे. मी ते ओंजळीत घेतले तेव्हा ते उबदार होते. मान मात्र सैल. सह्याद्रीत ज्याला आम्ही चष्मेवाला म्हणत आलो त्याचेच हे भावंड, येथले तौहोऊ. माओरी भाषेत तौहोऊ म्हणजे नवखा, परका. १८५६ च्या सुमारास वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाकडून ते थव्यांनी आले, म्हणून हे नाव. मनी मला त्याच्याकडे पाहताना पाहून माझ्या घोट्याला डोके घासत होती. तिने शिकार घरी आणली होती, आणि घर म्हणजे मी होतो. मी तिला रागावलो नाही. पाखरू पिटोस्पोरमच्या मुळाशी पुरले, आणि त्याच संध्याकाळी प्रथमच खिडकी लावून घेतली.

आईला मी हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बरं, मग तिला रात्री थोडं दूध तरी देत जा.” दूध मोठ्या मांजरांना पचत नाही असे पशुवैद्य सांगतात, पण ते मी आईला सांगितले नाही, चमचाभर कोमट पाणी घालून मनीच्या वाटीत मासळीचा काढा ओतला. बाहेर दरीच्या अंगाला तिन्हीसांज उतरत होती. कुंपणाच्या आतून, २००२ साली तेथे पुन्हा सोडलेल्या काका पोपटांची पोरे, कर्कश ओरडत आमच्या छपरावरून पलीकडे निघाली होती. मनी फळीवर बसून जाळीतून त्यांच्याकडे पाहत होती, तिचा जबडा थरथरत होता आणि शेपटीचे टोक हलत होते. पोपट दिसेनासे झाले तेव्हा ती खाली उतरली आणि वाटीपाशी आली.